एक पुंगळी कमी पडते तेव्हा

आमच्या सातारा-कराड पट्ट्यात फौजेतून परत आलेल्या माणसाला गाव सरसकट ‘मेजर’ म्हणतं. माझे चुलते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण पारावर, सोसायटीत, एसटीत ते मेजरच. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानं त्यांना गाठलं. हा पोरगा अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे पळायला जातो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर बंदुकांचे व्हिडिओ बघतो. त्यानं विचारलं, “आजोबा, एके-४७ भारी का इन्सास?” इन्सास म्हणजे आपल्या सैन्याची देशी रायफल.

तात्यांनी त्याला एक हकिकत सांगितली. “एकदा रेंजवर फायरिंग झालं. दिलेलं राऊंड, उडवलेलं राऊंड, समदं बराबर हुतं. रिकाम्या पुंगळ्या मोजल्या, तर एक कमी. सायबानं अख्खी कंपनी गुडघ्यावर बसवली. गवताची एकेक काडी बाजूला सारून हुडकाय लावली. दुपारचं जेवण न्हाई, काय न्हाई.”

“एका रिकाम्या पितळेच्या नळकांडीसाठी?” भाचा हसला. तात्या हसले नाहीत.

राऊंड म्हणजे काडतूस, आणि पुंगळी म्हणजे गोळी उडाल्यावर मागं उरणारं त्याचं रिकामं नळकांडं. मी डिप्लोमाच्या मुलांना धातुशास्त्र शिकवतो. लष्करी रायफलीबद्दल सामान्य माणसाला जे कळायला हवं, त्यातलं बरंचसं त्या एका पुंगळीपाशी येऊन थांबतं असं मला वाटतं. कुठली रायफल भारी, ही चर्चा भरपूर होते. ती कशाची बनते, ते साहित्य कशानं बिघडतं, आणि प्रत्येक नग कुणाच्या हातात आहे याचा हिशोब का ठेवावा लागतो, यावर आमच्या गावांतसुद्धा फारसं कुणी बोलत नाही. आणि आमची गावं म्हणजे अपशिंगे मिलिटरीसारखी. पहिल्या महायुद्धात या एका गावानं ४६ माणसं गमावली आणि आजही तिथं घराघरातून जवान जातो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. बंदूक आमच्या ओळखीची आहे, म्हणून तिच्याबद्दल नीट बोललं पाहिजे.

नळीच्या आत

रायफल म्हणजे मुळात एक पोलादी नळी. तिच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं आणि ते टोक बोल्ट नावाच्या सरकत्या खिट्टीनं घट्ट बंद होतं. चाप ओढला की एक टोकदार पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आपटते. टोपीतली ठिणगी आतल्या दारूला लागते. दारू जळते, तिचा वायू होतो, वायूला जागा हवी असते आणि समोर एकच गोष्ट हलण्यासारखी असते, ती म्हणजे गोळी.

या सगळ्याला सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतका वेळ लागतो. तेवढ्यात आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे चार हजार किलोचा दाब तयार होतो. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण एक किलो दाबाला उडते. उसानं भरलेल्या दोन बैलगाड्या अंगठ्याच्या नखावर उभ्या केल्या तर जो भार येईल, तो हा दाब. जळणाऱ्या वायूचं तापमान पोलाद वितळण्याच्या तापमानापेक्षाही जास्त असतं. नळी वितळत नाही, कारण तो वायू तिथं थांबतच नाही. पण प्रत्येक गोळीमागं नळीच्या आतला अगदी पातळ थर भाजून निघतो, आणि हे हजारो वेळा होतं.

मग नळी कशाची करायची? जुन्या तोफा पंचधातूच्या किंवा बिडाच्या असत. बीड ओतायला सोपं, पण ठिसूळ. म्हणून तोफेची भिंत वीतभर जाड करावी लागे. पहिल्या महायुद्धात कच्चं बीड मिळेनासं झालं तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कोल्हापूर संस्थानातल्या निकामी तोफा वितळवून त्यांचे नांगर केले, ही गोष्ट किर्लोस्करवाडीच्या बाजूला अजून सांगतात. तोफेचा धातू नांगराला चालला, कारण दोन्ही बिडाचेच. रायफलीच्या नळीचा धातू वेगळा आहे. जवानाला ती दिवसभर खांद्यावर वागवायची असते, म्हणून भिंत पातळ हवी. आणि भिंत पातळ असेल तर धातू असा हवा की तो एवढ्या दाबाला फुटणार नाही आणि झिजणारही नाही.

इथं खरी अडचण येते, आणि ती आपल्या गावच्या लोहाराला पक्की ठाऊक असते. कोयत्याला पाणी पाजलं की धार कडक होते. जास्त पाजलं तर कोयता दगडावर आपटताच टवका उडतो. कमी पाजलं तर दोन दिवसांत धार बसते. कडकपणा आणि चिवटपणा एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. नळीच्या पोलादात क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि कधी व्हॅनेडियम अगदी थोड्या प्रमाणात घालतात, ते हा तोल साधायला. नंतर त्याला लोहारासारखंच पाणी पाजतात आणि पुन्हा हलक्या तापावर धरून ठिसूळपणा काढून टाकतात. फरक इतकाच की लोहार रंग बघून ठरवतो आणि कारखान्यात तापमान अंशा-अंशानं मोजलं जातं.

नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, ताणून लांब केलेल्या स्क्रूच्या आट्यांसारख्या. रायफल हा शब्दच या खाचांवरून पडला. गोळी त्या खाचांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते, आणि फिरता भोवरा जसा पडत नाही तशी ती हवेत डगमगत नाही. इन्सासची गोळी सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगानं बाहेर पडते आणि साधारण वीस सेंटिमीटरला एक वेढा घेते. गणित केलं तर सेकंदाला साडेचार हजार फेरे होतात, मिनिटाला दोन लाख सत्तर हजार. आमच्या वर्कशॉपातला हातग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो आणि त्याची चकती फुटली तर काय होतं हे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

या खाचा गोळीवर बारीक ओरखडे उठवतात. पिनचा ठसा टोपीवर राहतो, पुंगळी बाहेर फेकणाऱ्या आकड्याचा ओरखडा पितळेवर राहतो. दोन नळ्या एकाच यंत्रावर, एकाच दिवशी केल्या तरी त्यांचे बारीक ओरखडे वेगळे पडतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा गोळीवरून आणि पुंगळीवरून बंदूक ओळखते, ती याच्याच जोरावर.

क्रोमचा थर आणि व्हिएतनामचा धडा

चांगल्या लष्करी नळीला आतून कडक क्रोमियमचा मुलामा देतात, मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका पातळ. तो झीज थांबवतो आणि गंज थांबवतो. एवढा पातळ थर द्यायचा टाळला तर काय होतं, याचं उत्तर १९६० च्या दशकात अमेरिकेला व्हिएतनाममध्ये मिळालं.

त्यांनी एम-१६ ही नवी रायफल जवानांना दिली. हलकी, नेमकी, चांगली. पण सुरुवातीच्या रायफलींत काडतूस बसण्याच्या जागेला क्रोमचा थर नव्हता. काडतुसातली दारूही मूळ चाचण्यांतली न ठेवता बदलली होती आणि ती जास्त काजळी धरत होती. त्यात ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला आणि सफाईचं साहित्यही पुरेसं पोचलं नाही. जंगलातल्या दमट हवेत काडतुसाची जागा गंजून खरबरीत झाली. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी आतच चिकटून बसायची. लढाईच्या ऐन मध्यावर जवान नळीत गज घालून पुंगळी ठोकून काढत होते. अमेरिकी संसदेच्या समितीनं १९६७ मध्ये याची चौकशी केली. पुढं क्रोमचा थर आला, दारू सुधारली, सफाईचे संच आले आणि तीच रायफल पुढं कित्येक दशकं चालली.

तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमाला पयल्या दिवशी पुलथ्रू आन् चिंदी दिली. उस्ताद म्हणायचा, जेवाय उशीर झाला तर चालंल, बॅरल आधी.” पुलथ्रू म्हणजे नळीतून ओढायची दोरी आणि चिंदी म्हणजे तिला बांधायचा कापडाचा तुकडा. कोयनेच्या खोऱ्यात किंवा महाबळेश्वरच्या पावसात लोखंडी विळा चार दिवस उघडा ठेवला तर त्याचं काय होतं ते आपण बघतोच.

प्लॅस्टिकचीही अशीच गोष्ट. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासच्या मॅगझिनला, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीला, तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. साताऱ्याच्या उन्हात चिवट असणारं प्लॅस्टिक शून्याखालच्या तापमानात काचेसारखं वागू शकतं. आपल्या सैन्याला एकाच वर्षात राजस्थानची वाळू, ईशान्येचा पाऊस आणि लडाखचा बर्फ असतो. एका देशात उत्तम ठरलेली रायफल दुसऱ्या देशात तशीच ठरेल असं म्हणूनच सांगता येत नाही, आणि भाच्याच्या ‘कुठली भारी’ला सरळ उत्तर का नाही, तेही यात आलं.

एके-४७ रायफलीची ख्याती आहे की ती चिखलात, वाळूत अडत नाही. त्यातला मोठा वाटा तिच्या हलत्या भागांमधल्या सैल जागेचा आणि निमुळत्या काडतुसाचा आहे. तरी तिलाही धातूनं छळलं होतंच. सुरुवातीला तिचा सांगाडा पत्रा दाबून करायचा बेत होता, पण माल इतका वाया जाऊ लागला की रशियन कारखान्यांना तो अखंड पोलादातून कोरून काढावा लागला. पत्र्याचं तंत्र नीट जमून सुधारित रायफल यायला १९५९ उजाडलं.

पितळ आणि घोड्यांच्या पागा

आता पुंगळीकडं येतो. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. घरातल्या हंड्या-कळशांच्या पितळेचंच हे भावंड. पितळ का? दारू जळली की पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला चिकटते आणि मागून वायू सुटू देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर येते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही नेमकं करणारा दुसरा स्वस्त धातू सहज सापडत नाही. रशियानं लेप दिलेल्या पोलादी पुंगळ्या वापरल्या, त्या स्वस्त पडतात, पण पितळेचा हा गुण त्यांना नाही.

पितळेची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो, कारण ती आपल्याच देशात घडली. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जातात. कुणी हात लावला नाही, कुणी आपटल्या नाहीत. पावसाळा संपवून पेट्या उघडाव्यात तर पितळ भेगाळलेलं. हवामानाच्या ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजांनी याला ऋतूच्या भेगा असंच नाव दिलं. पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि काडतुसं पुष्कळदा घोड्यांच्या पागांजवळ ठेवली जात, हे कोडं सुटायला कामी आलं. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया तयार होतो. पावसाळी ओल, हवेतला अमोनिया, आणि तिसरं कारण पितळेच्या पोटातच दडलेलं.

पुंगळी करताना पितळेची चकती साच्यात दाबून दाबून लांब ओढतात. या ओढाताणीत धातूच्या आत ताण अडकून राहतो, पिळून वाळत घातलेल्या धोतराचा पीळ वाळल्यावरही राहतो तसा. बाहेरून काही दिसत नाही. अमोनिया आणि ओल मिळाली की तो ताण धातूला आतून फाडतो. याचं नीट शास्त्रीय उत्तर १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. इलाज साधा निघाला. पुंगळी ओढून झाल्यावर ती ठरावीक तापमानाला तापवून हळू थंड करायची, म्हणजे आतला ताण सैल होतो. आजच्या लष्करी पुंगळ्यांच्या गळ्याजवळ जी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या तापवण्याचीच खूण. मुलं तिला डाग समजतात.

दारू, म्हणजे दारूगोळ्यातली

जुनी काळी दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. आजच्या काडतुसात ती नसते. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली आणि तिचा पाया होता कापूस. म्हणजे कापसातलं सेल्युलोज, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून. सरकी काढल्यावर तिला जे आखूड तंतू चिकटून राहतात ते आजही जगभरच्या दारू कारखान्यांना लागतात. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर युरोपला या तंतूंची चणचण भासली, कारण त्यांचा मोठा पुरवठा चीनकडून होत होता. शिसं कडक करायला लागणाऱ्या अँटिमनी या धातूच्या निर्यातीवरही चीननं २०२४ मध्ये निर्बंध घातले आणि त्याचे भाव भडकले. रायफल देशात बनवली म्हणजे सगळं आपल्या हातात आलं असं नसतं. सरकीचा तंतू आणि अँटिमनीचा खडाही मोजावा लागतो.

या दारूचा एक स्वभाव आहे. ती नुसती पडून राहिली तरी संथपणे विघटित होत असते, आणि विघटनातून निघणारे वायू पुढच्या विघटनाला आणखी वेग देतात. उष्णतेत हे लवकर होतं. म्हणून तिच्यात ते वायू शोषून घेणारं एक रसायन मिसळतात आणि ठरावीक काळानं साठ्यातले नमुने तपासतात. ते रसायन संपत आलं की तो साठा नष्ट करायचा असतो. वापरला नाही म्हणून ठेवून दिला, असं दारूगोळ्यात चालत नाही. २०१६ च्या मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. अधिकारी, जवान आणि आग विझवायला गेलेले कर्मचारी गेले. साठवण हे किती जोखमीचं काम आहे ते त्या रात्री महाराष्ट्रानं पाहिलं.

हे शहाणपण आपल्याकडं नवीन नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल बारकाईनं सांगितलं आहे. दारूखाना घराजवळ नसावा. सदरेपासून दूर जागा बांधून भोवती कुसू, म्हणजे कुंपण, घालावं. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावं. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून कुणी जवळ येऊ नये. अंतर, ओल, ठरावीक तपासणी, मोहोर, पहारा. आजच्या भांडाराच्या नियमांची जाडजूड पुस्तकं याच पाच गोष्टींवर उभी आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या ओळी वाचताना मला लिहिणाऱ्याची काळजी जाणवते. त्यानं कधीतरी भिजलेली दारू पाहिली असणार.

कोत, बट नंबर आणि वही

सैन्यात शस्त्रं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. जाड भिंत, कुलपं, पहारा, आणि एक वही. प्रत्येक रायफलीवर धातूत कोरलेला नोंदणी क्रमांक असतो. शिवाय दस्त्यावर युनिटनं दिलेला बट नंबर. जवान रायफल घेतो तेव्हा सही करतो, देतो तेव्हा जमा होते. तात्यांना रिटायर होऊन पंचवीस वर्षं झाली, त्यांना आमच्या घराचा मीटर नंबर आठवत नाही, पण बट नंबर झोपेतसुद्धा सांगतील.

आता पुंगळी का मोजायची, ते बघा. रेंजवर शंभर राऊंड दिले. ऐंशी उडाले असं सांगितलं, वीस परत आले. खरंच ऐंशी उडाले कशावरून? आवाज कुणी मोजत नाही. ऐंशी रिकाम्या पुंगळ्या समोर आल्या तरच हिशोब पटतो. पुंगळी ही झाडलेल्या गोळीची पावती आहे. एक पावती कमी म्हणजे एक जिवंत राऊंड कुणाच्या तरी खिशात असण्याची शक्यता. तो राऊंड पुढं कुठं जाईल, कुणाच्या छातीत, हे कुणालाच सांगता येत नाही.

जगभरात बेकायदा शस्त्रांचा मोठा भाग कधीतरी कायदेशीरच असतो. कारखान्यात रीतसर बनलेला, कुठल्या तरी सरकारनं रीतसर घेतलेला. मग तो चोरीला जातो, विकला जातो, युद्धात मागं सोडला जातो. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि काडतुसांचा मोठा साठा खाली टाकला गेला. सकाळी शेतात पेट्या सापडल्या. २०२१ मध्ये अमेरिकन फौज अफगाणिस्तानातून निघाली तेव्हा अफगाण सैन्याला दिलेली सात अब्ज डॉलरहून जास्त किमतीची सामग्री तिथं राहिली. अमेरिकन बनावटीच्या रायफली काश्मीरमध्ये दहशतवाद्यांकडं सापडल्या आहेत. एका देशाची फाटलेली वही दुसऱ्या देशाच्या जवानाच्या जिवावर येते.

लष्करी रायफल चुकीच्या हातात गेली की समोरच्याकडं काय उरतं, हे जावळीच्या केडंबे गावानं सगळ्यात जवळून पाहिलं आहे. तुकाराम ओंबळे त्या गावचे. सैन्यातून निवृत्त होऊन मुंबई पोलिसांत गेलेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी पकडली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही. मागच्या सहकाऱ्यांना त्यामुळं कसाबला जिवंत पकडता आलं. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वर लिहिलेला तो चार हजार किलोचा दाब, ती तापलेली नळी, सेकंदाला शेकडो मीटरनं सुटणारी गोळी, हे सगळं ज्यांच्या हाताला लागलं ते हात आमच्या जिल्ह्यातले होते. धातूचे आकडे शिकवताना मला ते आठवतात.

इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजांनी भारतीयांच्या हातून शस्त्रं काढून घेतली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले ते पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेऊनच, आणि तटावरून त्यांनी खंदकात उड्या टाकल्या. स्वातंत्र्याच्या लढ्यात बंदूक मिळवायची तर ती सरकारच्याच हातातून घ्यावी लागे, इतका तो कायदा कडक होता. स्वतंत्र भारतानं १९५९ मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला. त्यात लष्करी जातीची शस्त्रं आणि त्यांची काडतुसं नागरिकाला निषिद्ध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. पोलीस किंवा सैनिकाच्या हातून बळानं शस्त्र हिसकावलं तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप. वरातीत आनंदानं हवेत गोळी झाडली आणि कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, हे लग्नघरातल्या उत्साही पाहुण्याला कुणीतरी हात धरून सांगायला हवं.

आणि गावठी कट्टा. सातारा-सांगलीच्या पोलिसांच्या बातम्यांत हा शब्द नेहमी दिसतो. कट्टा बाळगणाऱ्या पोराला वाटतं आपण बंदूकवाले झालो. मी धातूचा माणूस म्हणून सांगतो, तुमच्या हातात जे आहे त्याच्या नळीचं पोलाद कुणी तपासलेलं नाही, त्याला नीट पाणी पाजलेलं नाही, जादा दाबाचं काडतूस झाडून त्याची परीक्षा घेतलेली नाही. कारखान्यातली प्रत्येक नळी या परीक्षेतून जाते, पास झाली तरच तिच्यावर शिक्का बसतो. कट्ट्याची परीक्षा तुमच्या तळहातात होते. फुटला तर बोटं जातात, न फुटला तर दुसऱ्याचा जीव आणि तुमची उमेदीची वर्षं जातात. त्यावर क्रमांक नसतो, म्हणून तो कुणाच्याच वहीत नसतो. अलीकडं थ्री-डी छपाई यंत्रावर काढलेल्या प्लॅस्टिकच्या बंदुकांची भीती जगभर आहे, ती नेमकी याचसाठी.

देवराष्ट्रेचे यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले, तेव्हा आपले जवान चीनच्या स्वयंचलित शस्त्रांसमोर दर गोळीमागं हातानं बोल्ट ओढून जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल चालवत होते. साठच्या दशकात इशापूरच्या कारखान्यातून पुढची गोळी स्वतःच भरून घेणारी सेल्फ लोडिंग रायफल आली, तात्या फौजेत गेले ते तिच्यावर शिकले. पुढं इन्सास आली. आता उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथं एके-२०३ बनते आहे, सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार आहे. माझ्या भाच्याची निवड झाली तर बहुधा तीच त्याच्या खांद्यावर येईल. तिच्या नळीलाही क्रोमचा थर असेल, तिच्याही पुंगळ्या मोजाव्या लागतील.

भाच्यानं शेवटी विचारलंच, “आजोबा, मग ती पुंगळी सापडली का?”

“सापडली की. दिवस मावळला हुता. कुणीतरी कंदील आणला. मग एकाच्या ध्यानात आलं, फायरिंगच्या येळेला शेजारच्याचा पिठ्ठू, पाठीवरची पिशवी, उघडाच पडला हुता. खिसा उलटा केला, तर ही बया आत. उडून थेट खिशात गेलेली.” तात्यांनी दोन बोटांत चिमटीएवढी जागा दाखवली. “सायबानं ती हातात घेतली, वहीत आकडा लिवला, सही केली. मग लंगरची जेवणाची गाडी आत सोडली.”